गरम फरशीच्या टाइल्स दर हिवाळ्यात का सुटतात? पाचगणीतल्या एका बाथरूमची तिसरी दुरुस्ती

"अरे, बेसिनपुढची टाइल परत हलायला लागलीय. पाय ठेवला की कटकट वाजतंय."

जानेवारीत आईचा हा फोन आला तेव्हा मला टाइल कोणती ते विचारावं लागलं नाही. तिसरा हिवाळा, तिसरी तक्रार आणि जागा तीच. मी साताऱ्यात बाथरूम-स्वयंपाकघरांची कामं घेतो. आई-अप्पा पाचगणीच्या जुन्या जांभ्याच्या घरात राहतात. आईचे गुडघे धरतात, आणि तिला पहाटे पाचला उठायची सवय. डिसेंबर-जानेवारीत तिथली फरशी इतकी गार पडते की अनवाणी पाय टेकवत नाही. म्हणून मी बाथरूमच्या फरशीखाली विजेवर तापणारी मॅट टाकून घेतली. काम माझ्याच देखरेखीखाली झालं होतं, त्यामुळे कुठे चुकलं ते मला आतून माहीत आहे. महाबळेश्वर-पाचगणीकडे कुणी अशी फरशी केली असेल आणि टाइल्स पुन्हा पुन्हा सुटत असतील, तर पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

आधी रचना सांगतो, म्हणजे बिघाड कळेल. बाथरूम पाच बाय आठ फुटांचं. मॅट म्हणजे अर्धा मीटर रुंद आणि चार मीटर लांब जाळी, तिच्यावर तीन-चार मिलिमीटर जाडीची केबल नागमोडी बसवलेली. एका चौरस मीटरला १५० वॅट, म्हणजे एकूण ३०० वॅट. कमोडखाली आणि कपाटाखाली मॅट टाकत नाहीत, फक्त पाय पडतात तिथेच. फरशीचं तापमान मोजायला एक सेन्सर असतो आणि थर्मोस्टॅट बाथरूमबाहेर, खोलीच्या भिंतीवर. युरोपात हे नेहमीचं आहे. तिथल्या मानकात बाथरूमच्या फरशीच्या पृष्ठभागाला ३३ अंशांची मर्यादा आहे आणि राहत्या खोलीला २९.

पहिल्या हिवाळ्यात दोन टाइल्स सुटल्या. वाईचे मिस्त्री आले, म्हणाले, "दादा, दोन तासांचं काम आहे." टाइल्स उचलल्या, खाली सिमेंटचा माल भरला, वर व्हाइट सिमेंट. दुसऱ्या हिवाळ्यात त्याच दोन आणि शेजारच्या तीन. या वेळी मी टाइल चिकटवायचं अ‍ॅढेसिव्ह आणून दिलं. तरी सुटल्या. तेव्हा मी मिस्त्रींना दोष दिला, अ‍ॅढेसिव्हच्या पोत्याला दोष दिला. दुरुस्ती टाइलची करत होतो आणि रोग होता टाइलच्या खाली आणि टाइलच्या कडेला.

तिसऱ्या वेळी छिन्नी हातात घ्यायच्या आधी दोन दिवस नुसती तपासणी केली. तुम्हीही हेच करा.

पहिली तपासणी आवाजाची. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने प्रत्येक टाइल चारही कोपऱ्यांत आणि मध्ये ठोकायची. भरीव टाइल टणक वाजते, पोकळ टाइल बद्द वाजते. खडूने पोकळ भागावर फुल्या मारत जायचं. माझ्या फरशीवर फुल्या झाल्या तेव्हा त्यांचा आकार बघून मी थबकलो. बेसिनसमोर एक नीट आयत उमटला होता. आईचं पायपुसणं असतं तेवढाच.

ते पायपुसणं रबराच्या पाठीचं, वर जाड सुती. घसरू नये म्हणून मीच आणून दिलेलं. ते चोवीस तास तिथेच. मॅट चालू ठेवून दोन तासांनी ते उचललं आणि लेझरच्या तापमापकाने मोजलं. पायपुसण्याखाली ४१ अंश, हातभर बाजूला २७. सेन्सर होता दाराच्या बाजूला, उघड्या फरशीत. थर्मोस्टॅटला फक्त दारापाशीचंच तापमान कळत होतं, म्हणून तो वीज चालूच ठेवत होता. ही केबल सारखीच तापत राहते. वर झाकण आलं म्हणून आपोआप कमी होत नाही. उष्णता वर जायला वाट मिळाली नाही की ती टाइलखाली साठते.

दुसरी तपासणी केबलचा माग काढायची. मॅट बंद करून फरशी पूर्ण गार होऊ द्यायची, ओल्या फडक्याने एकसारखी पुसायची आणि मग मॅट चालू करायची. थोड्या वेळाने जिथून केबल जाते तिथली ओल आधी सुकायला लागते आणि नागमोडी रेघा दिसू लागतात. त्या लगेच खडूने गिरवायच्या आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. जरा उशीर झाला की सगळी फरशी सुकते आणि रेघा मिटतात. ज्यांच्याकडे बसवतानाचे फोटो नाहीत त्यांना हाच नकाशा. पोकळ भागात रेघा फिकट आल्या, कारण मधल्या हवेमुळे तिथे ऊब वर पोचतच नव्हती.

तिसरी तपासणी विजेची. ती परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. एमसीबी, म्हणजे डब्यातला त्या लाइनचा स्विच, खाली पाडायचा, त्यावर चिठ्ठी लावायची आणि थर्मोस्टॅटमधून मॅटच्या तारा सोडवायच्या. दोन तारांमध्ये रोध मोजायचा. हिशेब सोपा आहे: व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. २३० गुणिले २३० म्हणजे ५२,९००, त्याला ३०० ने भागलं की साधारण १७६ ओहम. डब्यावरच्या आकड्याच्या पाच-दहा टक्के इकडेतिकडे आलं तर केबल शाबूत. मीटर काहीच दाखवत नसेल तर केबल तुटली आहे. मग तार आणि अर्थिंग यांच्यामध्ये ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे आवरणाचा रोध मोजणाऱ्या मीटरने, बघायचं. तिथे आकडा एक मेगाओहमच्या खाली आला तर आवरण कुठेतरी कापलं गेलं आहे किंवा ओल आत शिरली आहे, आणि ती मॅट परत चालू करायची नाही. बाथरूमच्या या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच, हवाच. नसेल तर टाइलचं काम नंतर, आधी तो.

माझी केबल शाबूत निघाली. तो कागद मी डीबीच्या, म्हणजे स्विचांच्या मुख्य डब्याच्या, दाराला आतून चिकटवून ठेवला, कारण पुढे हाच आकडा चार वेळा लागणार होता.

मग फरशी उघडली.

इथे सगळ्यांचे हात घाई करतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. टाइल साधारण नऊ मिलिमीटरची, तिच्या लगेच खाली केबल. ग्राइंडरचं पातं एक सेंटिमीटर आत गेलं की केबल गेली. म्हणून ग्राइंडर वापरायचाच तर फक्त सांध्यात भरलेला माल, म्हणजे ग्राउट, काढायला, आणि पातं जास्त आत जाणार नाही असा अडसर लावून. कंपनावर चालणारं छोटं कटर मिळालं तर ते जास्त बरं. सुरुवात सगळ्यात पोकळ टाइलपासून करायची. सांधे मोकळे केले की ती काचेच्या सक्शन कपने जवळजवळ अख्खी उचलली जाते. पुढची टाइल तिच्या उघड्या कडेतून, रुंद पातळ छिन्नी जवळजवळ आडवी धरून, हलक्या हातोडीने. छिन्नी उभी धरून कधीही मारायची नाही. ब्रेकर तर गाडीतून खालीसुद्धा उतरवू नका.

हे चालू असताना एक माणूस मीटर धरून बसवायचा. मॅटच्या तारा मीटरला जोडलेल्या आणि नजर आकड्यावर. मल्टिमीटरच्या बीपवर भरवसा ठेवू नका; १७६ ओहमला बहुतेक मीटर बीप देतच नाहीत, त्यामुळे गप्प बसलेल्या मीटरमधून काहीच कळत नाही. रोधाचाच आकडा बघायचा. आकडा उडाला की त्याच क्षणी काम थांबवायचं, म्हणजे निदान कुठल्या घावाने केबल गेली ते तरी कळतं. दहा टाइल्स उचलल्यावर कळलं तर शोधायचं कुठे? आमच्याकडे हे काम अप्पांनी केलं. खुर्ची दारात टाकून, चष्मा लावून, दर टाइलला "एकशे शहात्तर, चालू द्या" असं सांगत चार तास बसले.

पहिली टाइल उलटी केली आणि पाठ बघितली. पाठीवर मालाचे पाच गोळे, चार कोपऱ्यांत आणि एक मध्ये. बाकी पाठ कोरी, जशी खोक्यातून काढली तशी. आपल्याकडे गवंडी असे गोळे ठेवून वरून रबरी हातोडीने ठोकून पाणसळ मिळवतात. काम झपाट्याने होतं आणि वरून सुरेख दिसतं. भिंतीवर, कोरड्या खोलीत ते वर्षानुवर्षं निभतंही. पण तापणाऱ्या फरशीत प्रत्येक पोकळीतली हवा उष्णता अडवते, खालची केबल तिथे जास्त तापते, आणि वरून बादली ठेवली की टाइल पाचच ठिकाणी टेकलेली असते. दुसऱ्या दुरुस्तीतलं अ‍ॅढेसिव्हही याच गोळ्यांच्या पद्धतीने लावलेलं होतं. माल बदलला होता, लावायची पद्धत नाही.

जिथे पहिल्या वेळचा सिमेंटचा माल होता तिथे तर टाइल बोटाने सुटली, आणि पाठ धुतल्यासारखी स्वच्छ. ही व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली टाइल; ती अर्ध्या टक्क्याहून जास्त पाणी पीत नाही. साधं सिमेंट टाइलच्या छिद्रांत शिरून पकड घेतं. इथे शिरायला जागाच नाही. जुन्या शहाबादी फरशीला जी स्लरी चालायची ती या टाइलला चालत नाही. अ‍ॅढेसिव्ह घेताना पोत्यावर आयएस १५४७७ हे भारतीय मानक बघा, आणि तापणाऱ्या फरशीसाठी लवचीक प्रकारच घ्या. युरोपीय खुणा असतील तर सी २ आणि एस १. सी २ म्हणजे सुधारित पकडीचं सिमेंटचं अ‍ॅढेसिव्ह. एस १ म्हणजे सुकलेला थर किमान अडीच मिलिमीटर वाकूनही तुटत नाही. त्यात हाताने जास्तीचं सिमेंट मिसळायला कुणालाही देऊ नका. "मजबुती येते" म्हणून मिसळतात आणि तीच लवचीकता मारतात.

तिसरी गोष्ट सापडली भिंतीच्या कडेला. टाइल्स भिंतीला घट्ट भिडवलेल्या, फट व्हाइट सिमेंटने बुजवलेली. टाइल्सच्या मधले सांधेही कागद जाईल एवढेच, कारण "सांधा दिसता कामा नये" असं मीच सांगितलं होतं. आता गणित बघा. आठ फूट म्हणजे २.४ मीटर. खालचा सिमेंटचा थर २० अंश तापला तर साधारण अर्धा मिलिमीटर वाढतो. टाइल त्याहून कमी, एक तृतीयांश मिलिमीटर. आकडे किरकोळ वाटतात. पण वाढायला दोन्ही बाजूंना जागा शून्य, खालचा थर आणि टाइल वेगवेगळ्या हिशेबाने सरकणार, आणि हे रोज पहाटे तापून दुपारी गार होणार. सगळा ताण चिकटलेल्या पातळ थरावर येतो. जी टाइल सगळ्यात कमी चिकटलेली आणि सगळ्यात जास्त तापलेली, ती आधी सुटते. माझ्याकडे ती बेसिनपुढे, पायपुसण्याखाली होती. म्हणून जागा दर वर्षी तीच.

चौथं कारण मला फरशी उघडायच्या आधीच माहीत होतं, फक्त मान्य करायचं नव्हतं. पहिल्या वेळी काम डिसेंबरात केलं, आईला थंडी वाजते म्हणून तिसऱ्याच दिवशी मॅट चालू केली. कच्चा थर खालून भाजून काढला. दुसऱ्या दुरुस्तीतही तीच घाई.

एक खूण सांगायची राहिली. तुमच्या सांध्यांवर पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, धरत असेल तर टाइलखाली पाणी आहे. आपल्याकडे बाथरूमचा स्लॅब खाली सोडून त्यात विटांचे तुकडे आणि कोबा भरतात. वॉटरप्रूफिंग फाटलं की ते सगळं भरताड पाणी धरून बसतं, आणि पाचगणीच्या पावसाळ्यानंतर ते लवकर वाळत नाही. खालून तापवलं की ती ओल वाफ होऊन वर यायला बघते. तिथे नुसत्या टाइल्स बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी नळाची जोडणी, सांडपाण्याच्या जाळीची कड आणि वॉटरप्रूफिंग तपासा.

आता नवीन बांधणी. जुन्या कामात केबल आणि टाइल एकाच थरात होत्या, त्यामुळे पुढे कधीही एक टाइल काढायची म्हटलं की केबलच्या जिवावर. जुनी मॅट रोधाच्या हिशेबात शाबूत होती, तरी ती खरवडून वेगळी करणं शक्य नव्हतं. तेवढ्याच वॅटची नवीन मॅट घेतली. खर्च जिवावर आला, पण अर्धं काम चौथ्यांदा करण्यापेक्षा हे बरं.

कोबा खरवडून साफ केला, त्यावर दर मीटर लांबीला १२ ते १५ मिलिमीटर उतार सांडपाण्याच्या जाळीकडे काढून घेतला. उतार याच थरात हवा. वर आपोआप पसरणारा माल ओतून केबल बुजवतात, तो सपाट खोलीत ठीक; उताराच्या बाथरूममध्ये तो खालच्या कडेला जमा होतो आणि उतार खाऊन टाकतो. उतारावर उष्णतारोधक बोर्ड चिकटवला, सिमेंटचं आवरण असलेला, दहा मिलिमीटरचा. तो नसेल तर बरीच ऊब खालच्या स्लॅबला जाते. त्यावर मॅट. वळवताना जाळी कापायची, केबल कापायची नाही, केबलवर केबल चढवायची नाही. लांबी जास्त झाली म्हणून केबल तोडली तर रोध कमी होतो, करंट वाढतो आणि केबल जळते. सेन्सर नळीत घालून, दोन केबलांच्या बरोबर मध्ये, आणि या वेळी बेसिनसमोर. नळी अशासाठी की सेन्सर बिघडला तर ओढून बदलता यावा.

इथे दुसऱ्यांदा रोध मोजला. मग हाताने पॉलिमर मिसळलेला बारीक माल थापून केबल पूर्ण बुजवली, एकूण दहा मिलिमीटर. थापी प्लॅस्टिकची, आणि मॅटवर चालायला प्लायची फळी. हा थर वाळल्यावर त्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, एक उभा एक आडवा, कोपऱ्यांत कापडी पट्टी. सांडपाण्याची जाळी बुजवून दोन दिवस पाणी भरून ठेवलं. पाणी काढून टाकल्यावर तिसऱ्यांदा मोजलं, या वेळी मेगरनेही. केबल आता वॉटरप्रूफिंगच्या खाली, स्वतःच्या थरात. पुढे टाइल फुटली तर ती एकटी निघेल.

टाइल्स एक फुटी, न घसरणाऱ्या. मोठ्या टाइल्स उतारावर नीट बसत नाहीत. दहा मिलिमीटरच्या दातेरी थापीने अ‍ॅढेसिव्ह सरळ रेघांत ओढलं, टाइलच्या पाठीलाही पातळ हात दिला, टाइल रेघांच्या आडवी थोडी सरकवून दाबली. मिस्त्रींना हे वेळखाऊ वाटत होतं. मी पहिली बसवलेली टाइल लगेच उचलून त्यांना पाठ दाखवली: कोपरे सोडून सगळी माखलेली. ओल्या जागेत ९५ टक्के पाठ माखलेली हवी. पुढे दर सात-आठ टाइल्सना त्यांनी आपणहून एक उचलून बघितली, आणि एकदा स्वतःच "ही नाही चालणार" म्हणून परत लावली. त्या दुपारी मला काम बरोबर चाललंय याची खात्री पटली.

सांधे तीन मिलिमीटरचे, स्पेसर लावून. भिंतीच्या चारही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर फट सोडली, तीत ग्राउट जाऊ दिला नाही, नंतर न्यूट्रल प्रकारचं सॅनिटरी सिलिकॉन भरलं. कमोडच्या बुडाशी आणि जाळीच्या कडेलाही तसंच. या सगळ्यात फरशी साधारण पंचवीस मिलिमीटरने वर येते, तेव्हा दार आणि उंबरा आधी मोजून घ्या. बाथरूमची फरशी खोलीच्या खालीच राहिली पाहिजे.

चौथं मोजमाप ग्राउटनंतर. आकडा तोच.

काम या वेळी एप्रिलमध्ये केलं आणि अ‍ॅढेसिव्हच्या पोत्यावर दोन आठवडे लिहिले होते तरी महिनाभर मॅटला हात लावला नाही. मग १८ अंशांपासून सुरू करून रोज दोन-दोन अंशांनी वाढवत २८ वर नेलं आणि तिथेच ठेवलं. थंडीत काम करावंच लागलं तर वाळायला जास्त दिवस धरा.

छिन्नी लागून केबल कापली गेली तर काय, हे मला नेहमी विचारतात. इन्सुलेशन टेप गुंडाळून वर टाइल बसवणं हा जिवाशी खेळ आहे, विशेषतः जिथे आपण बादलीने पाणी ओततो. त्या मॅटसाठीचं जोडणीचं किट घ्या, तारा क्रिम्प करून, म्हणजे धातूच्या नळीत दाबून जोडून, उष्णतेने आवळणारी नळी चढवा, अर्थिंगची वीणही जोडा, मेगरने तपासा आणि जोड पूर्ण मालात बुजवा. एकाहून जास्त ठिकाणी कापली असेल तर मॅट बदला.

आणि फरशी तापत नाही म्हणून लगेच फोडायला घेऊ नका. संध्याकाळी व्होल्टेज १९० वर आलं तर ३०० वॅटची मॅट २०५ वॅटच देते. आधी व्होल्टेज बघा, मग सेन्सर, मग केबल. आरसीसीबी पावसाळ्यातच पडत असेल तर थर्मोस्टॅटच्या डब्यात ओल आहे का तेही बघा; आमच्या एका गिऱ्हाइकाकडे नुसता तो डबा वाळवून काम भागलं.

रबरी पायपुसणं मी साताऱ्याला घेऊन आलो. आईला त्याजागी पातळ सुती दिलं आहे, अंघोळ झाली की ती ते दांडीवर टाकते. दोन हिवाळे झाले. दिवाळीला गेलो की स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बेसिनपुढच्या टाइल्स एकदा ठोकून बघतो. उरलेल्या आठ टाइल्स, बॅच नंबरच्या खोक्यासकट, माळ्यावर ठेवल्या आहेत, आणि केबलचे फोटो थर्मोस्टॅटच्या शेजारी पाकिटात.